पानाच्या माथ्यावरची ओळ

फणसेबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये सर्रास बोललं जायचं. साफ खोटं. कारण दर वेळी असायचं, आणि तेही समोर टेबलावर पडलेलं. आम्हाला ते दिसायचं नाही, किंवा दिसलं तरी आपला चहा गार होण्याची काळजी मोठी असायची. 'आम्ही' म्हटलं की त्यात मीही आलो. हे आधीच सांगून टाकतो, पुढे कुणाचा गैरसमज नको.

शाळा बडोद्याच्या बाहेर, सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नाव सांगत नाही. काचेची इमारत, परदेशी बोर्ड, दारात कारंजं, आणि कारंज्याशेजारी एक फलक, त्यावर 'निर्भय विचार' असं तीन भाषांत लिहिलेलं. मी तिथे गणित शिकवतो. शिवाय परीक्षेचं काम माझ्याकडे: दहावीच्या मुलांची नावं बोर्डाकडे पाठवायची, बैठकव्यवस्था लावायची, पर्यवेक्षण करायचं. फणसेबाई इंग्रजी साहित्य शिकवायच्या. दहावीला पंधरा कवितांचा एक संच असतो. विषय 'सत्ता आणि संघर्ष'. परीक्षेत त्यातली एक कविता छापून देतात आणि तिची तुलना दुसऱ्या एखादीशी करायला सांगतात. ती दुसरी छापलेली नसते, डोक्यात असावी लागते. राजे, सेनापती, सैनिक, तुरुंग, मागे राहिलेल्या बायका, असला सगळा मामला. "आणि हे शिकणारी आपली मुलं कशी, तर घरचा एसी दुरुस्तीला गेला की त्यांचा संघर्ष सुरू," असं बाई म्हणायच्या.

बाई साठीला टेकलेल्या, अंगाने किरकोळ. खळ केलेली सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ. ते सैल होऊन कोपरापर्यंत घसरायचं आणि राग आला की त्या ते झटक्याने खाली आणायच्या. कारेलीबागेतून रोज स्कूटीवर यायच्या. डब्यात थेपला, आणि त्यावर मेतकूट पसरून केलेली गुंडाळी. मी पहिल्यांदा बघून हसलो तेव्हा म्हणाल्या, "हसू नकोस. बडोद्यातला मराठी माणूस कसा असतो ते विचारलं तर हा डबा दाखव."

बोलणंही तसंच. त्यांचा राग मराठीत सुरू व्हायचा, गुजरातीत चढायचा, आणि अगदीच टोकाला गेला की थंड, स्वच्छ इंग्रजीत उतरायचा. मराठी आणि गुजरातीपर्यंत मुलं खिदळत. इंग्रजी आलं की वर्ग चिडीचूप.

सगळ्यात जास्त चीड त्यांना एका शब्दाची. आयएमपी. आमच्याकडे पोरगं बोलायला लागलं की आधी आई म्हणतं आणि मग आयएमपी म्हणतं. जे परीक्षेत येणार तेवढं आयएमपी, बाकी सगळं कचरा. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हात वर करायचा.

"मॅम, पंदरमांथी आयएमपी कही दो ने."

बाई घड्याळ खाली आणायच्या. "बेटा, या कवितेत चार हजार माणसं मेलीत. त्यांतली आयएमपी कुठली ते तू मला सांग, मग मी तुला सांगते."

मुलं हसायची. हसून झाल्यावर अलकापुरीतल्या एका क्लासची निळ्या कव्हरची चोपडी दप्तरातून काढायची. त्या चोपडीत पंधराही कवितांची तयार उत्तरं असत, अर्धविरामासकट. आईबाप ती आनंदाने आणून देत आणि मुलं देवाच्या स्तोत्रासारखी पाठ करीत. एकदा माझा तास संपला, त्यांचा सुरू व्हायचा होता, मी फळा पुसत रेंगाळलो होतो. बाईंनी पुढच्या बाकावरच्या मुलाची वही उचलून एक वाक्य मोठ्याने वाचलं. सैनिकाच्या आत्म्याची खोल व्यर्थता वगैरे काहीतरी होतं.

"हे तुला वाटलं?"

"ना मॅम. क्लासमां सरे लखाव्युं."

"आणि तुला काय वाटलं?"

मुलगा गोंधळला. त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाला, "एने घेर जवुं हशे." त्या सैनिकाला घरी जायचं असेल.

"हे लिही," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांत माझ्या वर्गात मी एक वाक्य कुणाला सांगून लिहवलेलं नाही. नापास झालास तरी चालेल, पण तुझ्या वाक्याने हो."

त्यांचा धंद्यातला अभिमान म्हणाल तर एवढाच. बक्षिसं नव्हती, पदं नव्हती, वर्षानुवर्षं त्याच पायरीवर होत्या. पण माझ्या तोंडचं एक वाक्य कुठल्या मुलाच्या वहीत सापडणार नाही, हे त्या ज्या ताठ मानेने सांगत, तसं कुणी आपल्या बंगल्याबद्दलही सांगत नाही.

हा ताठा कुठून आला ते मला त्यांच्या घरी कळलं. स्कूटी बिघडली म्हणून एकदा त्यांना सोडायला गेलो होतो. भिंतीवर काचेत एक जुना कागद लावलेला. बाळबोध वळणाचं इतकं सुंदर अक्षर मी पाहिलेलं नव्हतं. मी तसं म्हणालो.

"आमचे आजोबा. संस्थानात नकलनवीस होते," बाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "वरून हुकूम यायचा, त्याची ह्यांनी सुवाच्य नक्कल करायची आणि खाली कोपऱ्यात आपली बारीक सही. चौतीस वर्षं. जो येतो तो म्हणतो, अक्षर काय सुंदर आहे. सुंदर आहेच रे, शेखर. पण घरभर शोधलं मी, आजोबांचं स्वतःचं असं एक वाक्य सापडलं नाही. हा कागद कौतुकाने नाही लावलेला. राग यावा म्हणून लावलाय."

आता त्यांची शिकवण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. कविता वर्गात एकदा वाचून व्हायची. मग बाई विचारायच्या, "ह्यात बोलतंय कोण? आणि आहे, पण बोलत नाही, असं कोण?" त्यावर अर्धा तास भांडण. मग घरचा अभ्यास, त्याला त्या 'सांगून या' म्हणायच्या. घरातल्या, शेजारच्या, कुणाही इंग्रजी न येणाऱ्या माणसाला ही कविता आपल्या भाषेत सांगायची. ऐकून झाल्यावर तो माणूस जे पहिलं वाक्य बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्याच भाषेत, पानाच्या माथ्यावर लिहायचं. त्याच्याखाली त्याचं नाव आणि तो काय काम करतो ते. आणि मग खाली आपलं इंग्रजी उत्तर सुरू.

पालक वैतागले. आमच्या घरी सगळ्यांना इंग्रजी येतं, अशी एका आईने चिठ्ठी पाठवली. बाईंनी उलट चिठ्ठी पाठवली, "तुमच्या घरी पोळ्या कोण करतं?"

पोळ्या महाराज, म्हणजे घरचे आचारी, करायचे. मुलाचं नाव पार्थ. तो नाइलाजाने स्वयंपाकघरात गेला आणि महाराजांना एका नावाड्याची कविता सांगितली. लढाईच्या आदल्या दिवशी हा नावाडी फौजेला नदीपार नेतो, अशी ती कविता. महाराज डुंगरपूरकडचे, कणीक मळता मळता ऐकत होते. ऐकून म्हणाले, "ले तो गया. वापस किसको लाया?" पार्थने ते लिहिलं. खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याला कळलं की नऊ वर्षं हा माणूस आपल्याला जेवू घालतो आणि आपल्याला त्याचं नाव ठाऊक नाही. तो परत स्वयंपाकघरात विचारायला गेला. हे त्याने वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली, पार्थही हसला, आणि मग त्याला एकदम रडू आलं. बाईंनी त्याला गप्प केलं नाही की जवळही घेतलं नाही. "बस खाली आणि उत्तर लिही. आता तुला येईल," म्हणाल्या. त्याने लिहिलेलं उत्तर मी वाचलं आहे. निळ्या चोपडीच्या दहा पिढ्यांना तसं जमणार नाही.

त्याच वर्गात हेतल होती. आमच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरची मुलगी. नोकरांच्या मुलांना फी माफ असते, त्यात ती आलेली. माझी मुलगीही त्याच सवलतीत चौथीत शिकते. हे लक्षात ठेवा, मीही ते त्या दिवशी चांगलं लक्षात ठेवलं होतं. हेतलच्या वडिलांना मी इथे रमणभाई म्हणतो. खरं नाव लिहीत नाही, का ते कळेलच.

रमणभाई पूर्वी बारा वर्षं नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात होते. बोटांची कातडी कायमची पांढरी पडलेली, तळवे भेगाळलेले, स्टिअरिंगला कापड गुंडाळून बस चालवायचे. बसची जबाबदारी माझ्याकडे, म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्या फेरीच्या वहीत मी सही करायचो. गुजराती शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षर कळत नसे. माझी सही मात्र देवनागरीत, लांबलचक आणि ठसठशीत. ती बघून हसायचे. "तमारी सही चोख्खी वंचाय, सर." म्हणजे सगळ्या इंग्रजी वहीत एवढंच त्यांना वाचता येतं.

संचात एक चुन्याची कविता आहे. छावणीत सेनापती पाहणीला येणार म्हणून रातोरात भिंतींना चुना फासतात. तापाने फणफणलेल्या एका शिपायाला सामानाच्या खोलीत दडपतात. सेनापती येतो, पांढऱ्या भिंतींची तारीफ करतो आणि जातो. हेतलने ती वडिलांना सांगितली. रमणभाई म्हणाले:

"अमारे त्यां पण एवुं ज हतुं. साहेब तपासवा आवे ते दिवसे नवां मोजां आपे, सांजे पाछां लई ले."

तपासणीच्या दिवशी हातात घालायला नवे मोजे द्यायचे, साहेब गेला की संध्याकाळी परत काढून घ्यायचे. हेतलने हे पानाच्या माथ्यावर लिहिलं. खाली नियमाप्रमाणे नाव आणि काम: पहिल्यांदा नंदेसरी, आता स्कूलबस. त्याखाली दोन पानांचं उत्तर. मला बाईंनी ते मधल्या सुट्टीत वाचायला दिलं, घड्याळ कोपरापर्यंत गेलेलं, चेहरा फुललेला. "वाच. ह्या पोरीला कविता कळली. मला जेवढी कळली होती त्याहून जास्त." मी वाचलं. कच्चं पान होतं, खाडाखोडीचं, हेतलच्या हातचं. बाईंचा एक शब्द त्यात नव्हता. हे मी पाहिलं होतं, आणि म्हणूनच मला सुटका नाही.

जानेवारीत पालक आणि पाहुण्यांसाठी शाळा खुली असते, मुलांचं उत्तम काम व्हरांड्यात लावतात. बाईंनी हेतलचं पान मधोमध लावलं. नावासकट. त्यांची चूक म्हणाल तर हीच. आयुष्यभर त्यांनी मुलांना विचारलं की इथे कोण बोलत नाही. जो बोलतो त्याचं पुढे काय होतं, हे त्या आनंदाच्या भरात विचारायला विसरल्या.

आमच्या ट्रस्टींचा कारखाना नंदेसरीला आहे. रमणभाई बारा वर्षं होते तो तोच. ट्रस्टी पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून फिरत होते. त्यांतल्या एका सुटाबुटातल्या पाहुण्याने पान वाचलं आणि हसत मोठ्याने म्हणाला, "लो, मोजां पण पाछां?" सगळे हसले. ट्रस्टीही हसले. मी चार पावलांवर होतो. ते हसू मी पाहिलं आणि मागे सरकून खांबाआड झालो.

सोमवारी रमणभाई बसवर नव्हते. त्यांना गणवेश जमा करायला सांगितलं होतं. अकरा वाजता प्राचार्यांनी मला बोलावलं. बोर्डाकडे नावं पाठवायची मुदत शुक्रवारी संपत होती.

"हेतलचं नाव सध्या ठेवून द्या," प्राचार्य म्हणाले.

ठेवून द्या म्हणजे पाठवू नका. म्हणजे मुलगी परीक्षेला नाही. म्हणजे नववी-दहावीची दोन वर्षं पाण्यात. मी हे सगळं मनात बरोबर मांडलं, गणिताचा मास्तर आहे, आणि म्हणालो, "बरं."

तुम्ही वाचता वाचता मला शिव्या देत असाल तर द्या. मी रोज देतो.

दुपारी बैठक झाली. ट्रस्टी, प्राचार्य, फणसेबाई, आणि यादी घेऊन मी. ट्रस्टींचा आवाज चढला नाही. ज्यांच्या हातात सगळं असतं त्यांना आवाज चढवावा लागत नाही, हे पंधरा कविता शिकूनही कळलं नसतं, त्या वीस मिनिटांत कळलं.

"बेन, वात बहु नानी छे," ते म्हणाले. गोष्ट अगदी छोटी, मुलीने आणि तिच्या बापाने एवढंच लिहून द्यायचं की हे आम्ही मनाने रचलं, खोटं आहे. मुलीने ते सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांसमोर वाचायचं. मग नोकरीही राहील, परीक्षाही होईल. कुणाचं नुकसान करायची आमची इच्छा नाही.

बाई आधी मराठीत बोलल्या, मग गुजरातीत. कारखान्यात जाऊन बघू या म्हणाल्या, त्या माणसाची बोटं बघा म्हणाल्या. प्राचार्य पेन फिरवत होते. मग बाई माझ्याकडे वळल्या.

"शेखर, तू ते कच्चं पान पाहिलं आहेस. ह्या पोरीने स्वतः लिहिलंय, बापाने सांगितलेलं. ह्यांना सांग."

मी यादीकडे पाहिलं. यादीत अठ्ठेचाळीस नावं होती. मी ती पुन्हा मोजली. वरून खाली, मग खालून वर.

बाईंनी माझ्यावरची नजर काढून घेतली. मग इंग्रजीत आल्या. थंड, स्वच्छ. "ते वाक्य माझं आहे," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर असं काही बोलला नाही. मुलीला मी लिहवलं. आमच्या विषयात उदाहरण लागतं, मी रचलं, आणि तिच्या बापाचं नाव घातलं. दोघांचा काही संबंध नाही. मी लिहून देते आणि राजीनामाही देते. मात्र मुलीचं नाव आत्ता, माझ्यासमोर पाठवायचं."

ट्रस्टींच्या लक्षात आलं की हे जास्त सोयीचं आहे. मुलीने प्रार्थनेला वाचण्यापेक्षा हे बरं. कागद आला. तीस वर्षांत एक वाक्य कुणाला लिहवलं नाही असं सांगणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलं की मी विद्यार्थिनीला वाक्य लिहवलं. अक्षर आजोबांसारखंच सुंदर होतं. त्यांनी सही केली. प्राचार्य म्हणाले, साक्षीदार म्हणून सरांची घ्या.

मी केली. लांबलचक, ठसठशीत.

मग तिथेच बसून हेतलचं नाव पाठवलं. बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून स्पेलिंग तपासलं आणि उठल्या. मी त्यांच्या मागे पार्किंगपर्यंत गेलो. काहीतरी बोललो असेन, तुम्ही थोर आहात किंवा असलंच काही. त्यांनी हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि परत काढलं.

"थोर कसली रे. बारा वर्षं नोकरी करून त्या माणसाने एक वाक्य कमावलं होतं. तेही मी माझ्या नावावर करून घेतलं." त्यांनी हेल्मेट हँडलला अडकवलं. "त्याला विचारलं मी? नाही विचारलं. कारण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, ना बेन, वात साची छे. आणि मग पोरगी गेली असती."

दुसऱ्या दिवशी रमणभाई बसवर आले. व्हरांड्यातलं पान निघालं, तिथे योगासनांचे फोटो लागले. आणि आठवडाभरात शाळेत पसरलं की फणसेबेन मुलांना उत्तरं लिहून द्यायच्या, म्हणूनच त्यांच्या वर्गाचे मार्क बरे यायचे. अलकापुरीच्या क्लासवाल्याने म्हणे पेढे वाटले. स्टाफरूममध्ये हे चघळलं जात होतं तेव्हा मी तिथेच बसून चहा पीत होतो. खरं माहीत असलेला त्या खोलीतला मी एकटा. मी कप बशीत ठेवला आणि तासाला निघून गेलो.

बाईंनी हेतलला सोडलं नाही. दर रविवारी सकाळी कमाटीबागेत, जाळीच्या चबुतऱ्याजवळच्या बाकावर दोघी बसायच्या. मी तिथे चालायला जातो. लांबून दिसायच्या. बाई हातवारे करतायत, घड्याळ वरखाली होतंय, पोरगी डोकं खाली घालून लिहितेय. मी चालायचा रस्ता बदलला.

मे महिन्यात परीक्षा झाली. बडोद्याचा मे, सकाळी नऊला डांबर मऊ. पर्यवेक्षक मीच. छापलेली कविता होती नावाड्याची. हेतलने ती वाचली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आरपार पाहिलं, आणि लिहायला लागली. वेळ संपेपर्यंत तिने पुन्हा मान वर केली नाही.

उत्तरपत्रिका बंद करून मी बाहेर आलो तेव्हा फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे, सोड्याच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, टेकून फणसेबाई उभ्या होत्या. वॉचमनला त्यांना आत न सोडण्याची ताकीद होती. कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर, उन्हाने चेहरा तांबडालाल. हेतल धावत गेली.

"कोणती घेतलीस जोडीला?" बाईंनी विचारलं.

"चुनावाळी, मॅम."

"शुं लख्युं?"

"जे हतुं ते."

बाईंनी मान हलवली. हसल्या नाहीत. लारीवाल्याला म्हणाल्या, हिला एक लिंबूसोडा दे, मीठ जास्त. हेतल सोडा घेऊन बसकडे गेली, वडील वाट बघत होते. आम्ही दोघेच राहिलो.

चार महिने घोकलेलं वाक्य मी एकदाचं बोललो. "बाई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी घड्याळ झटक्याने मनगटावर आणलं.

"मला काय सांगतोस? मला इंग्रजी येतं. त्या कागदावर काय लिहिलंय आणि खाली कोणाची सही आहे, मला वाचता येतं. ज्याला येत नाही अशा माणसाला जाऊन सांग. त्याच्या भाषेत सांग. आणि तो पहिलं काय बोलतो ते लिहून आण."

स्कूटी सुरू केली. हेल्मेटची काच खाली ओढली आणि सावली रोडच्या ट्रकांच्या रांगेत घुसल्या. एका ट्रकवाल्याने हॉर्न मारला, त्याच्याकडे त्यांनी हात उगारलेला मला दिसला. बाईंना मी पाहिलं ते तेवढंच. कारेलीबागेत गेलो नाही. जायचं तर ओळ घेऊन जायला हवं होतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज संध्याकाळी मी फेरीच्या वहीत सही करत होतो आणि रमणभाई वही बंद करून घेत होते. सहीवरून हसायचे ते थांबले होते. माझ्या लक्षात आलं होतं, पण माणूस थकत असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. नकलनवीस लोकांना स्वतःशी खोटं बोलायला फार सुंदर जमतं.

गेल्या आठवड्यात मुलं उतरून गेल्यावर मी बसमध्ये चढलो आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसलो. सगळं सांगितलं, गुजरातीत, मोडकंतोडकं. बेननी खोटं लिहिलं ते तुमच्यासाठी आणि हेतलसाठी. मला खरं माहीत होतं. मला विचारलं गेलं, मी बोललो नाही. आणि त्या कागदावर साक्ष माझी आहे. रमणभाई समोर काचेतून बघत होते, पांढरी बोटं स्टिअरिंगच्या कापडावर. ते पुढे जे बोलले त्यावरून मला कळलं की माझ्या सहीचं त्यांना नवीन नव्हतं. कामावर परत घेताना प्राचार्यांनी तो कागद त्यांच्यापुढे धरला होता, बेनने काय कबूल केलंय ते बघ म्हणून.

ऐकून झाल्यावर ते बोलले. बाईंच्या नियमाप्रमाणे जसंच्या तसं लिहितो. माथ्यावर लिहायचं असतं, मी शेवटी लिहितोय, कारण आधी लिहायची माझी हिंमत झाली नाही. नाव आणि काम घालत नाही. उद्या रविवार, हे पान घेऊन कारेलीबागेत जायचं आहे.

"कागळ तो इंग्लिशमां हतो, सर. मने फक्त तमारी सही वंचाई."